दोन्ही बाजूंचा वक्ता

पालकसभेत मी हात वर केला, तेव्हा शेजारी बसलेल्या माझ्या बायकोनं, शैलानं, माझ्या पायावर आपला पाय चांगला जोरात दाबला. ती सूचना होती. गर्दीत लागला असेल असं समजून मी उभा राहिलो.

विषय साधा होता. आमच्या क्षमाच्या शाळेत दरवर्षी वादविवाद स्पर्धा असते. यंदा विषय होता अभिजात नाटक, आणि इंग्रजीखेरीज मुलांच्या मातृभाषांतही स्पर्धा घ्यायचं ठरलं होतं. मुख्याध्यापिका श्रीविद्या मॅडमनी भाषा वाचून दाखवल्या: तमिळ, तेलुगू, मलयाळम, हिंदी. एवढ्यावर त्या थांबल्या. ज्या भाषेत रात्र रात्र नाटकं चालली, ती भाषा यादीतच नाही! माझ्या अंगात काहीतरी संचारलं.

"मॅडम, अँड मराठी?"

सगळं सभागृह माझ्याकडे वळून बघू लागलं. मॅडम गोड हसल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका अशा हसल्या की पालकांनी सावध व्हावं, हे मला आता कळतं.

"व्हाय नॉट, सर? एक बाजूनं बोलणारा, एक विरुद्ध बोलणारा आणि एक परीक्षक, एवढं आणा. मराठीचे संयोजक तुम्हीच."

अशा रीतीनं चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात लेखा विभागात बसणारा मी, रत्नाकर, मराठी रंगभूमीचा चेन्नईतला प्रतिनिधी झालो. घरी येताना लिफ्टमध्ये शैला म्हणाली, "पाय दुखला नाही ना तुमचा?"

विषयाचं वाक्य शाळेनं इंग्रजीत दिलं होतं. त्याचं मराठी मी केलं: 'अभिजात नाटकांत आजच्या काळासाठी बदल करू नयेत.' या 'नयेत'नं पुढे फार छळलं. बाजूनं बोलणाऱ्यानं 'नको नको' म्हणायचं आणि विरुद्ध बोलणाऱ्यानं 'हो हो' म्हणायचं, हे समजावताना एकदा मीच चुकून दोघींना एकाच बाजूला उभं केलं.

दोघी म्हणजे एक आमची क्षमा, नववीतली. तिला मराठी सगळं समजतं, फक्त उत्तर इंग्रजीत येतं आणि राग तमिळमध्ये. ती विरुद्ध बाजूला. दुसरी हरिप्रिया, तिच्याच वर्गातली, आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर आजी-आजोबांकडे राहणारी. तिचे आजोबा राजगोपाल राव रेल्वेतून निवृत्त झालेले. हे लोक तंजावरचे मराठी. मराठ्यांच्या राज्याबरोबर पूर्वज खाली आले आणि इथलेच झाले. घरात अजून मराठी बोलतात, पण ते मराठी ऐकताना आपण एखादा बखरीचा कागद सांबारात बुडवून वाचतोय असं वाटतं. माझं मराठी ऐकून त्यांना काय वाटतं, ते त्यांनी सभ्यपणानं कधी सांगितलेलं नाही.

"आमची पोट्टी बोलेल," राजगोपाल राव म्हणाले. "पण रत्नाकर राव, भाषण कोण लिहील? आम्हांस तुमचें पुण्याचें मराठी नाही येत."

"मी आहे ना," मी म्हणालो.

हे दुसरं वाक्य, जे मी गिळायला हवं होतं.

क्षमालाही मराठीत लिहिता येत नव्हतं. म्हणजे दोन्ही भाषणं माझ्याच गळ्यात. सकाळी कारखान्याच्या बसमध्ये मी बदलाच्या विरुद्ध पेटून उठायचो आणि परतीच्या बसमध्ये बदलाची बाजू घेऊन सकाळच्या मला धुळीला मिळवायचो. शेजारचा सहकारी जागा बदलून बसू लागला. एका बाजूला एखादं झकास वाक्य सुचलं की दुसऱ्या बाजूला त्याला तोडीस तोड उत्तर सुचायचं, मग पहिलीवर अन्याय झाल्यासारखा वाटायचा. भाषणं वाढत गेली.

"तुम्ही स्वतःशीच भांडताय," शैला म्हणाली. "आणि हरताय."

त्यात हरिप्रियाला देवनागरी वाचता येईना. तिच्या आजी, वसंता अम्मा, मदतीला धावल्या आणि त्यांनी माझं भाषण सबंध तमिळ लिपीत उतरवून दिलं. आता तमिळ लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर, प आणि ब यांनाही एकच. पहिल्या तालमीला हरिप्रिया छाती पुढे काढून म्हणाली, "कंबीर नाटक आमच्या पापजाद्यांचा ठेवा आहे!"

"बापजाद्यांचा," मी म्हणालो. "आणि गंभीर."

"तसंच लिहिलंय, अंकल."

तसंच लिहिलं होतं. वसंता अम्मांच्या चेहऱ्याकडे बघून मी 'पापजाद्यांचा' सोडून दिला आणि 'पूर्वजांचा' केला.

मग शाळेच्या कार्यालयातून फोन आला. प्रत्येक भाषणाचं इंग्रजी भाषांतर आगाऊ हवं, आक्षेपार्ह काही नाही हे बघायला. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी गुरुमूर्ती यांना ही बातमी कशी लागली कोण जाणे, पण इमारतीत कुणाचं काहीही कुठे अडलं की ते तिथे असतात. "सर, सगळं प्लेन इंग्लिशमध्ये द्या. ऑफिसच्या माणसाला प्लेन आवडतं," ते म्हणाले. मी दिलं. एका भाषणात 'जुन्या नाटकातला राजा मूर्ख असतो' असं वाक्य होतं. कार्यालयानं विचारलं, कोणता राजा? हा राजकीय उल्लेख आहे का? गुरुमूर्तींच्या सल्ल्यानं मी राजा काढून 'संस्थेचा प्रमुख' घातला. त्यावर श्रीविद्या मॅडमचा स्वतःचा फोन आला. शेवटी मूर्ख ठेवला आणि प्रमुख काढला.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. यापुढे नाही.

एका संध्याकाळी राजगोपाल राव वर आले. बसले नाहीत. "रत्नाकर राव, एक सांगटों. क्षमाचें भाषण पोट्टीनें आम्हांस दाखविलें. तें लांब आहे. आणि त्यांत विनोद आहे. हरिप्रियेच्या भाषणांत एकही विनोद नाही."

"अहो, परंपरेच्या बाजूनं विनोद कसा घालणार?"

"सेरि," ते म्हणाले. हा तमिळ होकार इतका थंड होता की त्याचा अर्थ नकारच होता. ते खाली गेले.

मी त्याच रात्री हरिप्रियाच्या भाषणात दोन विनोद आणि एक हृदयद्रावक शेवट घातला. दुसऱ्या दिवशी क्षमानं तो वाचला. माझ्याकडे बघून म्हणाली, "तिचं बेटर आहे. यू गेव्ह हर द बेटर वन." आणि खोलीचं दार लावून घेतलं. शैलानं विचारलं, "एकाच आठवड्यात दोन्ही घरांत दुश्मन कसा होतो हो माणूस?" मला उत्तर आलं नाही, आणि त्या दिवसांत मला कुठल्याही प्रश्नाची दोन उत्तरं यायची.

जिन्यात वसंता अम्मा भेटल्या की हसायच्या, पण 'जेवण जालें?' विचारायच्या थांबल्या. क्षमा आणि हरिप्रिया शाळेच्या बसमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसू लागल्या. पहिलीपासून एका डब्यात खाल्लेल्या मुली. नाटकात बदल व्हावा की नाही यावर त्या वर्षात तरी जगात कुठे एवढी कटुता आली नसेल.

स्पर्धेचा शनिवार उजाडला. परीक्षक म्हणून मी तुळजाजी राव नावाच्या एका वृद्ध गृहस्थांना तयार केलं होतं. ते सैदापेटला राहायचे, बँकेतून निवृत्त झाले होते, दोन्ही प्रकारचं मराठी जाणत होते आणि दोन्ही घरांच्या नात्यात नव्हते. असा माणूस या शहरात शोधायला मला किती फोन करावे लागले ते विचारू नका. सकाळी त्यांना फोन केला.

"निघालों, निघालों," ते म्हणाले. "टी. नगरहून येतों. मंडळीस एक साडी बदलून घ्यायची होती."

दिवाळी तोंडावर आलेली. त्या दिवसांत टी. नगरच्या साड्यांच्या बाजारात साडी बदलायला गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत माणसांत परत येत नाही.

सभागृह भरलं. हिंदी झालं, मलयाळम झालं. तुळजाजी राव फोनवर सांगत होते, "तिसऱ्या मजल्यावर आहों. रंग पाहत आहेत." मग, "लिफ्टींत आहों." मग, "रस्त्यावर आहों, पण रस्ता दिसत नाही." पुढच्या रांगेत राजगोपाल राव हाताची घडी घालून बसले होते. शेजारी वसंता अम्मा नव्या कांजीवरममध्ये. त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला शैला. मधल्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या. वेळ सांगायला मी गुरुमूर्तींना बसवलं होतं. त्यांना मराठी येत नाही, पण त्यांनी घरच्या देवघरातली घंटा आणली होती आणि ती वाजवायला ते अधीर झाले होते.

श्रीविद्या मॅडम माझ्याजवळ आल्या. "सर, युवर जज?"

"टी. नगर," मी म्हणालो.

त्यांच्या चेहऱ्यावर खरी करुणा दिसली. "मग दोनच मार्ग. मराठी रद्द करू, नाही तर परीक्षक तुम्ही."

"मॅडम, एक स्पर्धक माझी मुलगी आहे!"

"आय हॅव फेथ इन यू, सर. पाच मिनिटांत सांगा."

व्यासपीठाच्या बाजूला दोघी उभ्या होत्या. हरिप्रियाच्या केसात मोगरा. क्षमाचे हात थंड पडले होते, हे मला लांबूनही कळत होतं, कारण ती ते ओढणीत गुंडाळत होती. रद्द म्हटलं असतं तर दोघींना घाम पुसून घरी जाता आलं असतं, आणि मग दोन्ही घरांनी आयुष्यभर मला सांगितलं असतं की आमचीच जिंकणार होती. मी परीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसलो. राजगोपाल रावांची घडी आणखी घट्ट झाली. शैलानं डोळे मिटले.

ज्या स्पर्धेतली दोन्ही भाषणं मी लिहिली होती, तिचा मी परीक्षक, आणि एक स्पर्धक माझ्या पोटची! लेखा विभागात असा प्रकार सापडला तर आम्ही माणसाला निलंबित करतो.

हरिप्रिया आधी उभी राहिली. माझं पहिलं वाक्य तिनं नीट म्हटलं. दुसरंही. मग ती थांबली. तिसरं वाक्य मला पाठ होतं, मी ओठांनी ते पुटपुटू लागलो. तिनं माझ्याकडे बघितलं, हातातला कागद घडी करून खाली ठेवला आणि आजीच्या मराठीत बोलू लागली.

"माझी अज्जी एक जुन्या नाटकाचें गाणें म्हणते. तें मी सांगटें."

आणि ती गायला लागली. चार ओळी.

*वाट पाहे सुंदरी, दीप ठेवी ओसरीं,*
*सांज गेली, रात्र आली, वारा वाजे मंदिरीं,*
*नाथ येतां उंबरीं,*
*उधळी मोतियांच्या सरी.*

सभागृहातल्या एकाही तमिळ मुलाला शब्द कळला नसेल, पण खुसपूस थांबली. वसंता अम्मांनी पदर तोंडाला लावला. "हें कोणी बदललें तर मला अज्जी ऐकूं येणार नाही," हरिप्रिया म्हणाली आणि खाली बसली. गुरुमूर्तींनी भावनेच्या भरात घंटा वाजवली. वेळ अजून बरीच शिल्लक होती.

मग क्षमा. तिच्या हातात कागदच नव्हता.

"माझं भाषण बाबांनी लिहिलं," ती मराठीत म्हणाली. "हरिप्रियाचं पण बाबांनीच लिहिलं. बाबा दोन्हीकडून बोलतात."

शैलाच्या तोंडून चमत्कारिक आवाज आला. श्रीविद्या मॅडम माझ्याकडे वाकल्या. "व्हॉट डिड शी से, सर?"

"शी इज थँकिंग हर टीचर्स," मी म्हणालो. कपाळावरून घाम नाकावर आला.

"मला त्यातलं अर्धं समजलं नाही," क्षमा बोलत होती. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "म्हणून मी ते बदललं. आता समजतं. जुना नाटक पण असाच आहे. मला समजला नाही तर मी बघणार नाही. मी बघितला नाही, माझ्या मैत्रिणीनं बघितला नाही, तर तो कोणासाठी ठेवायचा? कपाटासाठी?"

व्याकरण रस्त्यावर पडलं होतं आणि मी जागचा हललो नाही. मुलगी जिंकत होती. हे मला परीक्षक म्हणून कळत होतं आणि बाप म्हणून त्याची धास्ती वाटत होती. तिला पहिलं ठरवलं तर राजगोपाल राव पुन्हा आमच्या घराची पायरी चढणार नाहीत. आणि मग तिनं शेवटचा घाव घातला. वळून हरिप्रियाला विचारलं:

"तुझ्या गाण्यात ती बाई मोती उधळते. का उधळते? रागानं की आनंदानं? तुला माहीत आहे?"

हरिप्रिया उठली. राजगोपाल राव खुर्चीच्या कडेवर आले.

"नाही माहीत," हरिप्रिया म्हणाली. "अज्जी सांगटे, राग आला म्हणून, इतका उशीर केला म्हणून. अज्जा सांगटो, आनंद झाला म्हणून. दोघें रोज भांडतात. आज कोणी हें सोपें करून लिहिलें, तर तो दोघांतलें एक ठेवील. मग माझ्या घरांत एक जण हरेल. मला दोघेंही हवेत."

क्षमानं तोंड उघडलं. मिटलं. मग हळूच बसली.

मी कागदावर गुण लिहिले. निकालाबद्दल माझ्या मनात शंका नव्हती, आणि या सगळ्या प्रकरणात शंका नसलेली ती पहिलीच गोष्ट. मी उठलो आणि म्हणालो, "पहिली, हरिप्रिया."

टाळ्या वाजल्या. तिथेच संपलं असतं तर काय हवं होतं.

श्रीविद्या मॅडमनी माइक घेतला. "बघा! एका वडिलांनी स्वतःच्या मुलीला बाजूला ठेवलं! व्हॉट अ नोबल सॅक्रिफाइस!" सगळं सभागृह उभं राहून माझ्यासाठी टाळ्या वाजवू लागलं. गुरुमूर्ती घंटा वाजवत होते. हरिप्रियाच्या हातात चषक होता आणि बघत होते सगळे माझ्याकडे. तिचा चेहरा उतरला. मी हात हलवून 'नाही नाही' म्हणत होतो, आणि ते तर लोकांना विनयच वाटत होतं. खऱ्या निकालावर माणसांचा विश्वास बसवणं किती कठीण आहे ते मला त्या दिवशी समजलं.

सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात राजगोपाल राव माझ्यासमोर येऊन उभे राहिले. चषक त्यांच्या हातात होता. तो त्यांनी माझ्यापुढे धरला.

"आम्हांस दान नक्को," ते म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता. "पोट्टी रडते. तुम्ही मोठे जालांत, तिला लहान केलांत."

"राव, शपथेवर सांगतो—"

"पोदुम्," ते म्हणाले. पुरे. मागे हरिप्रिया आजीच्या पदराशी उभी होती, डोळे लाल. शैला माझ्या दंडाला धरून होती. मी जे काही बोलणार होतो ते सगळं माझ्या बाजूनं आणि माझ्या विरुद्ध सारखंच जात होतं.

तेवढ्यात क्षमा आली. सरळ आमच्या मधोमध येऊन उभी राहिली. रागानं तिचे कान लाल झाले होते आणि राग आज मराठीत आला होता.

"अज्जा, बाबांनी काय दिलं नाही. बाबांना काय येतं? त्यांचे दोन्ही भाषण आम्ही टाकून दिले! हिनं मला हरवलं. मी तिथे होते. मला उत्तर आलं नाही. मला अजून येत नाही!" मग हरिप्रियाकडे वळून, "आणि तू का रडतेस? मी हरले, मी रडायचं! तू माझं रडू पण घेतलंस?"

हरिप्रिया रडता रडता हसली. ते हसू तिच्या नाकातून आलं, त्यामुळे क्षमाही हसली. क्षमानं आजोबांच्या हातातून चषक काढला, हरिप्रियाच्या हातात कोंबला आणि तिला ओढत कँटीनकडे घेऊन गेली. "भज्जी तू देणार," एवढं ऐकू आलं. चषक दोघींच्या मध्ये हेलकावत गेला.

आम्ही चौघं व्हरांड्यात उरलो. राजगोपाल रावांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"रत्नाकर राव," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही सांगटा. पुण्याच्या मराठींत 'उधळी' म्हणजे काय? आनंदच न?"

"आनंदानंच उधळतात," मी म्हणालो. "लग्नात नाही का—"

"उधळली म्हणजे वाया घालवली!" शैला म्हणाली. "बाई रात्रभर वाट बघत बसली, आणि तो आल्यावर वर आनंद?"

"असेंच सांगटें मी!" वसंता अम्मा पुढे येऊन शैलाच्या शेजारी उभ्या राहिल्या. "पन्नास वर्षें सांगटें यांस!"

"मोती कोणी रागानें टाकतो कां?" राजगोपाल राव माझ्या बाजूला सरकले. "रत्नाकर राव, सांगा यांस!"

आमचा आवाज वाढला. दारातून एक शिक्षिका डोकावल्या आणि तेलुगू विभाग सुरू झालाय, कृपया हळू बोला, असं म्हणून गेल्या. तेवढ्यात फाटकातून घामानं निथळलेले, काखेत साडीची पिशवी घेतलेले तुळजाजी राव धापा टाकत आत आले.

"आलों, आलों! मला कळलें, उशीर जाला," ते म्हणाले. "सुरू जालें काय?"

"आत्ताच," वसंता अम्मा म्हणाल्या आणि त्यांना बसायला बाक पुसून दिला.